कामथडीची कॅप्टन खाली बसली

कामथडी,
९ जानेवारी २०२५

प्रिय शुभ्रा,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं, पण जरा फिरून. पाकिटावर तू 'कॅप्टन, महिला फुटबॉल संघ, कामथडी' एवढंच लिहिलंस, म्हणून पोस्टमननं ते ग्रामपंचायतीत दिलं. तिथं लोकांनी उलटसुलट करून बघितलं आणि माझ्या दिराच्या, प्रशिकच्या हातात दिलं. आमचा कोच तोच, त्याला वाटलं संघाचं काही असेल, त्यानं फोडलं. पुढच्या वेळी माझं साधं नाव घाल. दीपमाला म्हटलं तरी येतं.

तू तिकडं भामरागडच्या पुढं आश्रमशाळेवर शिकवायला गेलीस आणि तुझा फोन लागायचा बंद झाला, तवा पत्र लिहायचं मला अवघड वाटलं होतं. आता बरं वाटतं. आमचं घर दोन खोल्यांचं. फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, लिहिलेलं कुणाला ऐकू जात न्हाई.

संघाचं विचारलंस. तुझ्या जागी गोलमध्ये सगुणाबाई उभी राहते. फाट्यावर भाजी विकते ती. बॉल आला की कोबीचा गड्डा धरावा तसा धरते आणि मग सोडतच न्हाई, रेफ्रीनं शिट्टी वाजवली तरी. रश्मी जोरात आहे. बावीस वर्षांची पोर, पळायला लागली की कुणाला सापडत न्हाई. पोलीस भरतीची तयारी करतेय. जिल्ह्याच्या संघात नाव लागलं तर तिला उपयोग होईल असं प्रशिक म्हणतो. म्हणून यंदाची लीग जिंकायचीच असं सगळ्यांनी ठरवलंय. जिंकेल तो संघ जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार, आणि तिथंच पोरी निवडणार.

शेवटच्या मॅचा १ आणि २ फेब्रुवारीला आहेत. शनिवारी भोरला दोन, रविवारी वेल्ह्याला सेमीफायनल आणि फायनल. पुढं मैदानं क्रिकेटवाल्यांना दिलीत, म्हणून सगळं दोन दिवसांत उरकायचं.

फाट्यावर माझा बॅनर लागलाय. आधारकार्डावरचा फोटो आणि त्याच्या शेजारी बॉल. आकाशला ग्रामपंचायतीनं शाल दिली, बायकोला खेळू दिलं म्हणून. सासूबाई हाफ पॅन्ट बघून माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या होत्या ना, त्या आता बॅनर कुणी फाडला न्हाई ना ते जाता-येता बघतात.

मी जरा दमते आजकाल. कंपनीत दिवसभर उभं राहून पॅकिंग, घरी स्वैपाक, शनिवारी सराव, रविवारी मॅच. तू आणि मी नवीन नवीन खेळायला लागलो तवा मैदानावर मला कुणी हाक मारत न्हाई, काही मागत न्हाई, याचंच अप्रूप होतं. आता मैदानावर सगळे मलाच हाक मारतात. ती तिसरी शिफ्ट झालीय.

जाऊ दे. तू संध्याकाळी काय करतेस ते लिहिलं न्हाईस. हॉस्टेलच्या पोरींना खेळवतेस का?

तुझी
दीपमाला

*

आश्रमशाळा,
२० जानेवारी २०२५

प्रिय दीपाताई,

पाकिटाबद्दल कान पकडते. पण 'कॅप्टन' लिहिताना मला इतकं छान वाटलं होतं की पुढचं लिहायचं राहूनच गेलं.

तुझं पत्र मी आल्याबरोबर वाचलं, जेवल्यावर वाचलं आणि आज पुन्हा वाचलं. सगुणाबाई गोलमध्ये, ही कल्पनाच डोळ्यांपुढे येत नव्हती, आता येते आहे. तिला सांग, कॉर्नर असला की पुढे यायचं, खांबाला चिकटून राहायचं नाही.

तू थकवा म्हणतेस तो मॅचच्या आधीचा आहे, ताई. मी तुला ओळखते. नसरापूरच्या मॅचच्या दिवशी सकाळी तू म्हणाली होतीस, माझ्यानं आज होत नाही. आणि दुपारी दोन्ही गोल तूच केलेस. तुला कुणीतरी ढकलावं लागतं, एवढंच. मी तिथे असताना ढकलायचे, आता इथून पत्राने ढकलते. सकाळी केळं खा, गूळ-शेंगदाणे जवळ ठेव, रात्री लवकर झोप. रश्मीकडे बघ. त्या मुलीचं पुढचं सगळं यावर आहे, आणि तिला मधून बॉल देणारी तुझ्याशिवाय दुसरी कोण आहे? संघ तुझ्यावर उभा आहे. बॅनर उगीच लागत नाही.

मला सगळं लिही. कोण कुठे उभं होतं, गोल कसा झाला, साळूबाई अजून तशीच कोपर मारते का, रेफ्री आनंदराव सर आहेत का. काही गाळू नकोस.

संध्याकाळचं विचारलंस. काही ना काही चालू असतं. निवासी शाळा आहे, काम संपत नाही. इथे नदी जवळ आहे आणि यंदा थंडी फार आहे.

जिंकल्याचं पत्र येईल त्याची वाट बघते.

तुझी
शुभ्रा

*

कामथडी,
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय शुभ्रा,
जय भीम.

सगळं लिही म्हणालीस, म्हणून सगळं लिहिते. तुला आवडणार न्हाई.

शनिवारी सकाळी आकाश टेम्पोतून आमाला भोरला सोडून परत गेला. आमी सात जणी. आठवीला कंपनीनं ऐन वेळी सुट्टी नाकारली, म्हणजे बदली कुणीच न्हाई. प्रशिक म्हणाला, "सात लागतात, सात हायत. झालं." पहिली मॅच किकवीबरोबर. आमी जिंकलो, दोन्ही गोल रश्मीचे. पण शेवटी शेवटी किकवीच्या बायका चालतच होत्या आणि आमीबी. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, सगळ्या बाजाराला निघाल्यात.

मधल्या वेळात भिंतीच्या सावलीला डबे सोडले. सगुणाबाईचं बोट सुजलं होतं, ती ते पाण्याच्या गार बाटलीला लावून बसली होती. माझा फोन वाजला. आकाश म्हणाला, पोरीचा निळा स्वेटर कुठं ठेवलाय? सांगितलं. परत वाजला. आईच्या गोळ्या कुठं हायत? तेबी सांगितलं. दुसरी मॅच बरोबरीत सुटली, पण तेवढ्यावर सेमीफायनल मिळाली.

घरी आले तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या. बॅनर लावणारी मंडळी सत्काराला आली होती आणि सासूबाईंनी त्यांना जेवूनच जा म्हटलं होतं. मी मैदानाच्या कपड्यांवर भाकरी थापायला बसले. त्यांच्यातला एक जण दारात येऊन म्हणाला, "वा, मैदानात बी आणि चुलीपाशी बी. एक फोटो काढू का?" आणि काढला. मी त्या फोटोत हसलेय. तुझ्याकडं टॉवर आला तर तुलाबी येईल तो.

रविवारी वेल्हे. नसरापूरवरून टेम्पो वळला तशी थंडी वाढली. आमी शाली गुंडाळून एकमेकींच्या अंगावर रेललो होतो. रश्मी तेवढी टक्क जागी. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वहिनी, आज काय बी झालं तरी मला बॉल द्या. बाकीचं म्या बघते." मी म्हटलं, "देते."

सेमीफायनल जिंकलो. कशी ते मला नीट आठवत न्हाई, खरंच. रश्मीनं गोल केला एवढं माहीत आहे, कारण सगळ्या तिच्या अंगावर पडल्या होत्या आणि मी मागून चालत येईपर्यंत उठल्यासुद्धा होत्या.

फायनल पालीबरोबर. साळूबाई अजून कोपर मारते. राजगडावर येणाऱ्या ट्रेकवाल्यांना जेवण करून घालते, पाण्याचे कॅन डोक्यावर घेऊन चढते, तिला ढकलून हलवता येत न्हाई. पण तीबी थकली होती. माझ्या अंगावर आली की तिचा श्वास मला ऐकू यायचा. माझा तिला येत असणार.

एक-एक झालं होतं. थोडाच वेळ राहिला होता. बॉल बाहेर गेला, थ्रो आपला. मी घ्यायला निघाले. प्रशिक बाहेरून ओरडत होता, "वहिनी, लवकर." रश्मी हात वर करून उभी होती. गावाकडून आलेली माणसं माझं नाव घेत होती. आणि मी खाली बसले.

पडले न्हाई, शुभ्रा. चक्कर आली न्हाई, पाय मुरगळला न्हाई. लोक आता तसं म्हणतात, मीबी म्हणू देते. पण तुला खरं लिहिते. मी बॉल उचलला, रेघेच्या आत आले आणि मातीत मांडी घालून बसले. बॉल मांडीवर.

आनंदराव सर पळत आले. दोन दिवस तेबी शिट्टी घेऊन पळतच होते, या वयात.

"लागलं का?"

"न्हाई."

"मग काय होतंय?"

"दमले."

ते वाकून हळू म्हणाले, "बाई, दमल्याबद्दल खेळ थांबवता येत नाही मला. उठता, का बाहेर जाता?"

साळूबाई आली. तिनं हात पुढं केला. "ऊठ गं. थोडंच ऱ्हायलंय. म्या बी कशीबशी हुबी हाय." मी हात धरला न्हाई. मग तिनं तो स्वतःच्या कमरेवर ठेवला आणि म्हणाली, "बरं. बस."

मग रश्मी आली. "वहिनी, उठा." परत म्हणाली, "वहिनी, उठा ना." ती रडायला लागली तवा मी उठले. पण थ्रो घेतला न्हाई. बॉल तिच्या हातात दिला, रेघेच्या बाहेर गेले, चपला घातल्या आणि टेम्पोत जाऊन बसले. तिथून मैदान दिसत न्हाई.

उरलेल्या सहा जणींवर गोल बसला. पाली जिल्ह्याला जाणार.

रश्मी टेम्पोत आली न्हाई, एसटीनं गेली. वाटेत सगुणाबाईनं तिची शाल माझ्या पायांवर टाकली, तेवढंच.

का बसले ते मला सांगता येत न्हाई. बसल्यावर जमीन गार लागली आणि बरं वाटलं, एवढं आठवतं.

दीपमाला

*

आश्रमशाळा,
१४ फेब्रुवारी २०२५

दीपाताई,

पत्र वाचलं आणि टेबलावर उलटं ठेवलं. आज तिसऱ्या दिवशी उत्तर लिहिते आहे.

घरी काय झालं ते मला सांग. आकाशराव काही बोलले का? तुझ्या सासूबाईंनी, अक्काबाईंनी, तुझं मन मोडलं का? शनिवारी त्या पाहुण्यांसमोर कुणी काही बोललं का? कुणाच्या तरी दडपणाखाली तू हे केलंस, एवढं तरी कळू दे, म्हणजे मला समजून घेता येईल. कारण काहीही झालेलं नसताना, पायही धड असताना, फायनलमध्ये थोडा वेळ उरलेला असताना तू मांडी घालून बसलीस, हे माझ्या डोक्यात शिरत नाही.

मी त्या दोन दिवसांत काय केलं माहीत आहे? रविवारी वर्गात गणिताचे पेपर तपासत होते आणि मनात म्हणत होते, आता वेल्ह्याला नाणेफेक झाली असेल, आता हाफटाइम असेल. एका मुलीच्या बरोबर उत्तरावर मी फुली मारली.

बसायचंच होतं तर आधी बसायचंस. सकाळी सांगायचंस, मी येत नाही. रश्मी तुला टेम्पोत काय म्हणाली ते तूच लिहिलं आहेस, आणि तू 'देते' म्हणालीस. दमायचा हक्क तुला आहे, पण तो शेवटचा वेळ तुझ्या एकटीचा नव्हता.

असो. झालं ते झालं. पुढच्या हंगामाला अजून अवकाश आहे. विश्रांती घे आणि पुन्हा उभी राहा. मी तुझ्याकडून दुसरं काही ऐकणार नाही.

शुभ्रा

*

कामथडी,
१२ मार्च २०२५

प्रिय शुभ्रा,
जय भीम.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचून मला राग आला होता. तो जाईपर्यंत थांबले.

मला कुणी काही बोललं न्हाई. बोललं असतं तर सोपं होतं. आकाश वाईट माणूस न्हाई, स्वेटर कुठं आहे ते त्याला खरंच माहीत नसतं. आणि सासूबाई तर मी बसले म्हणून चिडल्या. "बॅनर लागलाय आपला," म्हणाल्या, "आता फाट्यावर कंच्या तोंडानं हुबी ऱ्हाऊ?" ज्या बाईनं माझी हाफ पॅन्ट पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली होती, ती आता मला पुन्हा घाल म्हणून मागं लागली. यावर तू आणि मी हसलो असतो.

प्रशिक मला दवाखान्यात घेऊन गेला. रक्त तपासलं, कमी निघालं. शुभ्रा, घरात सगळ्यांना इतकं बरं वाटलं. प्रशिकनं सगळ्यांना फोन करून सांगितलं, वहिनीला रक्त कमी व्हतं. आकाशनं बीट आणलं, खजूर आणला. लोक येऊन म्हणायला लागले, तरीच. मी गोळ्या घेते. आता चढ चढताना धाप लागत न्हाई. पण रक्त भरल्यावर मला मैदानाची ओढ लागेल असं सगळ्यांना वाटलं, ती काही लागली न्हाई. मी वाट बघितली, खोटं कशाला बोलू.

महिला दिनाला मला स्टेजवर बसवलं. बोलणारा म्हणाला, आजारी असूनसुद्धा गावासाठी मैदानात उतरल्या. टाळ्या वाजल्या. सासूबाई पहिल्या रांगेत. मी मान खाली घालून नारळ घेतला. घरी येऊन प्रशिकला म्हटलं, मी आता खेळणार न्हाई. तो म्हणाला, "महिनाभर आराम करा." मी म्हटलं, "महिनाभर न्हाई, प्रशिक." तो ताटावरून उठला. त्याचा संघ आहे तो, त्यानं पोरीबाळींच्या घरी जाऊन जाऊन गोळा केलाय. त्याचं वाईट वाटतं मला.

तुझ्या पत्रातलं एक मात्र खरं आहे, आणि ते रश्मीचं. ती मला बघून दुसऱ्या बोळानं जायची. शेवटी मीच तिच्या घरी गेले. ती दारात बूट धूत बसली होती. मान वर केली न्हाई.

मी म्हटलं, "रश्मी, माझं चुकलं."

ती म्हणाली, "दमला व्हता तर सांगायचं."

"कुणाला सांगणार व्हते गं? समदे जिंका जिंका करत व्हते."

"मला. टेम्पोत म्या तुमच्या कानाशी आले, तवा तुमी बी बोलायचं. म्या तुमच्या वाटणीचं पळाले असते. हरलो असतो तर हरलो असतो, पण मला म्हाईत तरी असतं. तुमी देते म्हणालात."

ती बूट घेऊन आत गेली. तिच्या आईनं चहा आणून दिला, तो मी उभ्यानंच प्याले आणि आले.

तेव्हापासून एकच डोक्यात आहे. रश्मीला मी सांगितलं न्हाई, हे खरं. पण तुला सांगितलं होतं. जानेवारीत. तू म्हणालीस केळं खा.

मी हे भांडायला लिहीत न्हाई. मला तुझ्याशी भांडायला जमत न्हाई. फक्त, तू संध्याकाळी काय करतेस ते मी विचारलं होतं, आणि तू नदी आणि थंडी लिहिलीस. आता तर थंडीबी गेली असेल.

तुझी
दीपमाला

*

आश्रमशाळा,
२२ मार्च २०२५

प्रिय दीपाताई,

'केळं खा' वाचून मी खोलीत एकटीच बसून राहिले. तुझं बरोबर आहे. तू सांगितलं होतंस, सरळ मराठीत, आणि मी त्याचं मला हवं ते करून घेतलं.

संध्याकाळचं लिहिते. शाळेचं काम संपलं की मी खोलीत येते आणि दाराला कडी लावते. मुली बाहेर पटांगणात खेळतात, त्यांचा आवाज येतो. एकदा त्यांचा बॉल माझ्या दारावर येऊन आदळला. कुणीतरी म्हणालं, मॅडमना बोलाव. मी श्वास रोखून बसले. थोड्या वेळाने त्या बॉल घेऊन गेल्या. इथे आल्यापासून मी बॉलला पाय लावलेला नाही, ताई. मुलींना माहीतसुद्धा नाही की मी खेळायचे.

इथली नेमणूक मी मागून घेतली होती. तुला वाटलं सरकारने पाठवलं, मी तसं वाटू दिलं. लग्न मोडल्यावर भोरमध्ये जो भेटेल तो आधी चेहरा पाडायचा आणि मग विचारायचा. घरी आई-बाबा तर माझ्यासमोर कुजबुजत बोलायला लागले, जणू मी आजारी आहे. वाटलं, लांब जाऊ, कुणी ओळखणार नाही अशा ठिकाणी. ओळखत तर कुणी नाहीच. पण मी सकाळी उठते तीच दमलेली उठते. शिकवते नीट, त्यात कसूर करत नाही. त्याच्यापुढे काही उरत नाही.

तुझी पत्रं आली की आठवडाभर पुरायची. तू पळायचीस, मी वाचायचे. म्हणून तू दमलीस हे मला ऐकायचंच नव्हतं. आणि तू बसलीस तेव्हा मला वाटलं, माझ्याच घरातला दिवा कुणी घालवला. हे तुझ्यावर टाकायला नको होतं.

आता मला मॅचचं काही लिहू नकोस. खरंच नको. पोरीची शाळा कशी चालली आहे ते लिही, अक्काबाईंचे गुडघे, फाट्यावर काय भाव चालू आहे, काहीही. तू लिहीत राहा एवढं मात्र मागते.

परवा मी दाराची कडी काढून ठेवली होती. कुणी आलं नाही. पण काढली होती.

तुझी
शुभ्रा

*

कामथडी,
८ एप्रिल २०२५

प्रिय शुभ्रा,
जय भीम.

तुझं पत्र मी आधी कंपनीच्या बसमध्ये वाचलं आणि मग घरी येऊन मोरीत उभी राहून वाचलं, कारण तिथं दार लागतं. कडीचं वाचून मला रडू आलं. तू एवढ्या लांब अशी बसली असशील हे माझ्या मनात आलंच न्हाई. तू पत्रात इतकी जोरात बोलायचीस. मे महिन्याच्या सुट्टीत भोरला जाणार नसशील तर सरळ हितं ये. दोन खोल्या आहेत, पण माणूस मावतं. हितं तुला कुणी चेहरा पाडून विचारणार न्हाई. सासूबाई विचारतील, पण त्या मोठ्यानं विचारतील.

पोरीची शाळा बरी चाललीय. सासूबाईंचे गुडघे जयंती जवळ आली की आपोआप बरे होतात. मिरवणुकीत पुढं चालायचं असतं त्यांना. बॅनर उन्हानं फिका पडला, मग वाऱ्यानं निम्मा फाटला. त्यांनी उरलेला काढून आणला आणि पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून घातला. प्रशिक माझ्याशी बोलायला लागलाय, कामापुरतं. त्यानं संघ सोडलेला न्हाई. सगुणाबाईला कॅप्टन केलंय. ती फाट्यावर भाजी विकता विकता सगळ्या बायकांना हुकूम सोडते.

मागच्या आठवड्यात माझी सुट्टी होती. दुपारी दारात कोण उभं, तर पालीची साळूबाई. एसटी बदलून आली होती. मला वाटलं भांडायला आली, पण जिंकलेली बाई कशाला भांडेल. पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "जिल्ह्याला बाहेरच्या दोघी घेता येतात. एक तुजी ती पळणारी पोरगी दे."

मी म्हटलं, "आणि दुसरी?"

"दुसरी तू व्हतीस. पन तुला बघितलं आता, तू न्हाई येनार."

"न्हाई," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. त्या दिवशी मैदानात म्हणाली होती तसंच, काही राग न्हाई, काही न्हाई. मग म्हणाली, "म्या बी पुढच्या साली बघते. कॅन चढवू का बॉलामागं पळू, एक कायतरी करावं लागनार."

तिला घेऊन मी रश्मीकडं गेले. रश्मी ऐकत होती, माझ्याकडं न बघता. सगळं ऐकून झाल्यावर साळूबाईला म्हणाली, "येते." आणि मी परत फिरले तवा मागून म्हणाली, "वहिनी, रविवारी तुमी बी चला. खेळू नका. नुसतं चला."

रविवारी, परवाच, भोरला जिल्ह्याच्या स्पर्धेची मॅच होती. मी गेले. पहिल्यांदाच मैदानावर साडी नेसून. सगळे वळून बघत होते, एकानं मोबाईलसुद्धा काढला. मी एका बाजूला करंजाच्या झाडाखाली जाऊन बसले. कुणी माझ्याकडं काही मागितलं न्हाई. ऊन होतं, पण झाडाखाली वारा येत होता. पहिली काही मिनिटं मी बघितलं. रश्मी उजवीकडनं दोनदा आत शिरली, साळूबाई मधून तिला बॉल देत होती, मी द्यायचे त्याच्यापेक्षा जरा उशिरा. मग मी झाडाला डोकं टेकलं.

आणि शुभ्रा, मी झोपले. भर मैदानात, एवढ्या आरडाओरड्यात, तोंड उघडं टाकून झोपले असणार. रश्मीनं खांद्याला हलवलं तवा जाग आली. मॅच संपली होती. पाली हरली होती. निवडणाऱ्या लोकांनी रश्मीचं नाव आणि फोन नंबर घेतला होता. पुढं काय होतं ते मे महिन्यात कळेल, आधी काही सांगता येत न्हाई.

ती माझ्यासमोर उकिडवी बसली, घामानं निथळत. म्हणाली, "बघितला का गोल?"

मी खोटं बोलणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हटलं, "न्हाई गं. झोप लागली."

मग ती हसायला लागली. फेब्रुवारीपासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. हसत हसत मातीतच बसली. म्हणाली, "चला, एसटी जाईल."

एसटीत आमाला मागची सीट मिळाली. तिनं बूट काढले, पाय वर घेतले आणि मला गोल सांगायला लागली. बॉल कुठनं आला, तिला आधी वाटलं सोडावा, मग त्यांची ती उंच बाई डावीकडं झुकली. मधेच एसटीच्या खडखडाटात मला ऐकू आलं न्हाई. मी म्हटलं, "परत सांग, मधलं निसटलं." तिनं पहिल्यापासून सांगितलं. परत एकदा ती उंच बाई डावीकडं झुकली. कापूरहोळ आलं तरी गोल झालाच नव्हता, इतका तिनं तो लांबवला. मी ऐकत होते. मला कुठं पळायचं नव्हतं.

मॅचचं लिहू नकोस म्हणालीस, ते लक्षात आहे. पण ही मी बघितलेली न्हाई, म्हणून लिहिली.

तुझी
दीपमाला